आयर्स्टची भूमिका कोण करणार?

सहावीत असताना आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात चापेकर बंधूंवर पंधरा मिनिटांची नाटिका बसवली होती. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव व्हायला वर्गात अक्षरशः मारामाऱ्या झाल्या. रँड व्हायलाही दोघे तयार होते, कारण रँडला हॅट होती, छडी होती आणि खेकसायला दोन वाक्यं होती. उरला लेफ्टनंट आयर्स्ट. त्याच्या वाट्याला एक शब्दही नव्हता. दोन खुर्च्या आणि पुठ्ठ्याचं चाक मिळून झालेल्या दुसऱ्या बग्गीत बसायचं, ‘गोंद्या आला रे’ ही इशाऱ्याची आरोळी ऐकू आली की मनात दहापर्यंत आकडे मोजायचे आणि आडवं व्हायचं. माझं पाठांतर कच्चं होतं, म्हणून बाईंनी मला आयर्स्ट केलं. तालमीत मी एकदा विचारलं, ‘‘बाई, मी काय केलेलं असतं?’’ बाई पुठ्ठ्याला चंदेरी कागद चिकटवत होत्या. वर न बघता म्हणाल्या, ‘‘तू इंग्रज आहेस. पडताना हॅट सांभाळ, भाड्याची आहे.’’

क्रांतिकारकांवरचा कुठलाही नवा चित्रपट आला की मला ही हॅट आठवते. अशा चित्रपटांवर आपल्याकडे वाद भरपूर होतात, पण ते बहुतेक ठरलेल्या वळणाने जातात. इतिहासाची मोडतोड झाली का, अमक्या पुढाऱ्याला छोटं दाखवलं का, ‘सिनेमॅटिक लिबर्टी’ किती घेतली, कोणत्या पक्षाच्या सोयीचा आहे. सुरुवातीला पडद्यावर सूचनेची पाटी येते, ती वाचून व्हायच्या आत निघून जाते आणि भांडणारे तिच्यावरच भांडत बसतात. मला या सगळ्यापेक्षा एक साधी कसोटी जास्त उपयोगी वाटते. नायकाच्या गोळीने जो मरतो, त्याचं चित्रपट काय करतो? विशेषतः जो मरायला नको होता, निदान ज्याला मारायचं ठरलेलं नव्हतं, त्याचं?

पुण्याचीच गोष्ट घेऊ. २२ जून १८९७. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून गणेशखिंडीतल्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये समारंभ होता. आज तिथे पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. समारंभ आटपून रात्री बग्ग्या परत निघाल्या. प्लेग समितीचा अध्यक्ष वॉल्टर रँड याला मारायचं ठरलं होतं. दामोदर हरी चापेकर बग्गीमागे धावला, त्याने ठरलेली आरोळी दिली, बाळकृष्ण मागे पडला होता म्हणून एकट्यानेच मागून चढून गोळी झाडली. मागच्या बग्गीतली माणसं आपसात काही कुजबुजताहेत असा बाळकृष्णाला संशय आला आणि त्याने त्यातल्या एकाच्या डोक्यात गोळी घातली. तो आयर्स्ट. तो तिथल्या तिथे गेला. ज्याच्यासाठी सगळा घाट घातला होता तो रँड मात्र ३ जुलैपर्यंत जगला.

म्हणजे त्या रात्री ठार झाला तो न ठरवलेला माणूस. ही विसंगती कुठल्याही लेखकाला खुणावायला हवी. अंधार, घोड्यांच्या टापा, काही सेकंदांचा संशय आणि एका तरुणाचं बोट. बाळकृष्णाच्या मनात त्या क्षणी काय होतं आणि पुढची दोन वर्षं काय राहिलं, यावरच एक चित्रपट होईल. आपल्या नाटिकांत, कीर्तनांत, पोवाड्यांत मात्र रँड आणि आयर्स्ट हे जोडनाव होऊन बसलंय. दोघांनाही एकाच पापाची शिक्षा झाली, असं आपण आपलं ठरवून टाकलं.

जयू आणि नचिकेत पटवर्धन यांनी १९७९ साली केलेल्या मराठी चित्रपटाचं नाव आहे ‘२२ जून १८९७’. मला तो नावापासून आवडतो. नावात नायक नाही, वीर नाही, हुतात्मा नाही, नुसती तारीख आहे. तीही फाशीची नव्हे, कृत्याची. दामोदरला फाशी झाली १८ एप्रिल १८९८ला. ती तारीख शीर्षक म्हणून घेतली असती तर प्रेक्षक आधीच हात जोडून बसला असता. २२ जून म्हटलं की तो विचारतो, त्या दिवशी काय झालं? पुढे २००२ मध्ये आठवडाभराच्या आत भगतसिंगांवर तीन हिंदी चित्रपट लागले. त्यातल्या एकाचं नावही तारखेचंच, ‘२३ मार्च १९३१: शहीद’. ती फाशीची तारीख, आणि पुढे विशेषणही जोडलेलं. प्रेक्षकाने करायचं काम नावानेच करून टाकलं. (पटवर्धन जोडप्याच्या चित्रपटाला त्या वर्षी राष्ट्रीय एकात्मतेवरचा सर्वोत्तम चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन खुनांभोवती फिरणाऱ्या कथेला एकात्मतेचं पारितोषिक! सरकारी वर्गवारी कधीकधी नकळत विनोद करते.)

आता रँडबद्दल. त्याला पडद्यावर मिशा पिळणारा राक्षस करणं सगळ्यात सोपं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान तिथेच होतं. रँड हा सनदी अधिकारी होता. प्लेग खरा होता, माणसं खरोखर मरत होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला होता आणि त्याच्या बळावर गोरे शिपाई पुण्यातल्या घराघरांत शिरत होते. रोगी शोधायचा, त्याला इस्पितळात न्यायचं, घरातल्या बाकीच्यांना छावणीत हलवायचं, सामान जाळायचं, जमीन खणून औषध शिंपडायचं. कागदावर हे सार्वजनिक आरोग्याचं काम होतं. वाड्यात ते कसं दिसत होतं? बूट घालून देवघरात आलेला शिपाई, चौकात उभ्या केलेल्या बायका, काखेतल्या गाठी तपासणारे परके हात, आणि आजारी सासऱ्याला माळ्यावर गवऱ्यांमागे लपवून ठेवणारं कुटुंब. आपण लोकांचं भलं करतोय अशी खात्री असलेला अधिकारी राक्षसापेक्षा जास्त भीतीदायक असतो. २०२०च्या करोनाच्या दिवसांत तोच १८९७चा कायदा आपल्यावर लागू झाला, तेव्हा घरावर लागलेली पाटी, बांबू लावून बंद केलेली गल्ली आणि ‘तुमच्याच भल्यासाठी’ हे शब्द आपण जवळून पाहिले. आज कुणी रँडवर चित्रपट केला तर प्रेक्षकाला तो समजेल, आणि समजल्यामुळेच दामोदरचा संतापही पोटातून कळेल. खलनायक जेवढा ठोकळा, तेवढा नायकाचा राग स्वस्त.

नायकाचंही तसंच. येरवड्याच्या तुरुंगात दामोदरने आपली हकीकत लिहिली, ती सरकारी दप्तरात राहिली आणि पुढे छापली गेली. त्यातला माणूस आपल्या भिंतीवरच्या तसबिरीत मावत नाही. तो कट्टर सनातनी आहे. सुधारकांचा त्याला इंग्रजांइतकाच राग आहे आणि त्यांच्यावर केलेल्या हल्ल्यांचं त्याला वाईट वाटत नाही. मुंबईत राणीच्या पुतळ्याला डांबर फासून जोड्यांची माळ घातली, ते तो खोडकर पोराच्या खुशीत सांगतो. सैनिक होण्याची त्याला विलक्षण ओढ आहे. आजच्या भाषेत त्याला धड ‘पुरोगामी’ म्हणता येत नाही आणि ‘राष्ट्रवादी’ म्हणून सरसकट वापरताही येत नाही, म्हणून दोन्ही बाजू त्याची हकीकत न वाचता त्याला हार घालतात. चिंचवडला चापेकर चौकात त्यांची शिल्पं आहेत. तिथे सिग्नलला मी अनेकदा थांबलोय. शिल्पातल्या माणसाच्या हातात पिस्तूल चटकन दिसतं. डोक्यात काय होतं ते दाखवण्याची सोय शिल्पात नसते. चित्रपटात असते, आणि तरी आपण चित्रपटांकडून शिल्पंच करून घेतो.

द्रविड बंधूंचं तर विचारूच नका. वीस हजारांचं इनाम आणि आपल्या सुटकेची आशा, यापायी गणेश द्रविडने चापेकरांचं नाव सांगितलं. ८ फेब्रुवारी १८९९च्या रात्री वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी ‘ब्रुइनसाहेब बोलावताहेत’ अशी, म्हणजे पोलिस अधिकाऱ्याच्या नावाने, थाप मारून दोघा भावांना घराबाहेर काढलं आणि गोळ्या घातल्या. सदाशिव पेठेत, ओळखीच्या गल्लीत. मारणारे आणि मरणारे एकाच शहराचे, एकाच भाषेचे, बहुधा एकाच तालमीत भेटणारे. मे १८९९ मध्ये चार दिवसांच्या आत वासुदेव, रानडे आणि बाळकृष्ण असे तिघे फासावर गेले. द्रविडांच्या दारात त्या रात्री कंदील घेऊन कोण उभं होतं, हे दाखवायला कुणाला वेळ नसतो. फितुराला आई नसते, असा आपल्या ऐतिहासिक पटकथांचा नियम आहे.

हे फक्त पुण्याचं नाही. मुझफ्फरपूरला ३० एप्रिल १९०८ रोजी खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी बॉम्ब टाकला तो न्यायाधीश किंग्जफर्डसाठी. गाडीत निघाल्या केनेडी नावाच्या बॅरिस्टरची बायको आणि मुलगी. दोघीही मेल्या. टिळकांनी यावर केसरीत लिहिलेल्या अग्रलेखाचं नाव होतं ‘देशाचे दुर्दैव’. दोष त्यांनी सरकारी दडपशाहीवर टाकला, पण दोन निरपराध स्त्रिया बळी पडल्या हेही लपवलं नाही. या लेखनापायी त्यांना सहा वर्षं मंडालेला काढावी लागली. म्हणजे राजद्रोहाच्या खटल्याला कारण झालेल्या लिखाणातही त्या दोघींना जागा होती, आणि शंभर वर्षांनंतरच्या पडद्यावर मात्र नाही.

पुढच्याच वर्षी, १ जुलै १९०९ला, लंडनमध्ये मदनलाल धिंग्राने कर्झन वायली या ब्रिटिश अधिकाऱ्याला गोळ्या घातल्या. मध्ये पडलेला कावस लालकाका नावाचा पारशी डॉक्टरही त्यात गेला. एक हिंदी माणूस, समारंभाला आलेला, समोर गोळीबार होताना पाहून धावला. इतकंच. धिंग्राने कोर्टाचा अधिकारच नाकारला, वकील घेतला नाही, दयेची याचना केली नाही. पण लालकाकाबद्दल तो आवर्जून बोलला. मी त्याला ओळखत नव्हतो, तो मला धरायला आला म्हणून गोळी झाडली, त्याला मारण्याचा माझा हेतू नव्हता, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. फासावर जायला निघालेला माणूस ज्या एका गोष्टीचा खुलासा करतो, ती गोष्ट त्याच्या चरित्रपटात मधोमध असायला हवी. मी दिग्दर्शक असतो तर तिथूनच सुरुवात केली असती.

लाहोरला १७ डिसेंबर १९२८ रोजी भगतसिंग आणि राजगुरू यांचा नेम होता स्कॉट या पोलिस अधिकाऱ्यावर, मेला दुसराच अधिकारी, सँडर्स. पाठलाग करणारा हेड कॉन्स्टेबल चननसिंग चंद्रशेखर आझादांच्या गोळीने पडला. नंतर भिंतींवर लागलेल्या पत्रकात लाला लाजपतराय यांच्या मृत्यूचा सूड घेतल्याची घोषणा होती, आणि माणूस मारावा लागला याचा खेदही होता. आपले क्रांतिकारक ही जबाबदारी टाळत नव्हते. टाळतोय तो त्यांच्यावर चित्रपट काढणारा. चननसिंग कोणत्या गावचा होता, पगार किती होता, पोलिसात का गेला, असल्या गोष्टींना तीन तासांत एक मिनिटही मिळत नाही. राजगुरूंचं खेड दाखवायला आम्ही मराठी माणसं हट्ट धरतो, तोही रास्तच. पण चननसिंगचंही कुठलंतरी खेड असेलच ना?

यावर ठरलेला आक्षेप येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. इंग्रजांनी आपली माणसं किड्यामुंगीसारखी मारली. त्यांच्या एकेका मेलेल्या साहेबाचं नाव, हुद्दा, रेजिमेंट, थडग्यावरचा मजकूर, सगळं जपून ठेवलेलं आहे. आमच्या मेलेल्यांची धड मोजणीही नाही. मग आम्ही आमच्या पैशाने काढलेल्या चित्रपटात पुन्हा आयर्स्टचाच शोक करायचा?

आक्षेपातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. त्याला मिळालेलं सगळ्यात चांगलं उत्तरही चित्रपटातूनच आलंय. शूजित सरकार यांच्या ‘सरदार उधम’ (२०२१) मध्ये शेवटी जालियनवाला बागेतली रात्र येते आणि संपतच नाही. गोळीबार थांबतो, आणि तिथून खरा प्रसंग सुरू होतो. एक पोरगा हातगाडीवर जखमी घालतो, पोचवतो, परत येतो, पुन्हा घालतो. पार्श्वसंगीताने रडवायचा प्रयत्न नाही, घोषणा नाहीत. सरकारी आकडा ३७९ मृतांचा आहे. तो आकडा ऐकणं आणि त्या पोराबरोबर एकेक देह उचलणं यातला फरक त्या प्रसंगात कळतो. हा चित्रपट ऑस्करला पाठवला गेला नाही, आणि तो ब्रिटिशांविषयीचा द्वेष दाखवतो असं कारण निवड समितीतल्या एकाने जाहीरपणे सांगितलं होतं. मला तो आरोप अजिबात पटला नाही. आपल्या मेलेल्यांकडे इतका वेळ टक लावून बघणं याला द्वेष म्हणत नाहीत.

पण आक्षेपातला दुसरा भाग मी मानत नाही. आयर्स्टला चेहरा देणं म्हणजे त्याचा शोक करणं नव्हे. तो चेहरा लागतो तो बाळकृष्णासाठी. चुकून माणूस मारल्याचं ओझं ज्याच्यावर नाही, त्या बाळकृष्णाकडे पडद्यावर करायला उरतं काय? धावणं, पळणं, पकडलं जाणं, दोरीला मुका घेणं. गोळी झाडणं किती अवघड होतं ते कळल्याशिवाय त्याचं मोलही कळत नाही. समोर ठोकळाच उभा असेल तर त्याला पाडायला धैर्य लागत नाही, नेम लागतो. आणि नेमबाजीचे चित्रपट आपल्याकडे दक्षिणेतून महिन्याला दोन येतात.

व्यवसायाची अडचण मला दिसते. इंटरव्हलच्या आधी दुष्ट उभा करायचा, नंतर त्याला पाडायचा, पाडताना थिएटरात शिट्ट्या आल्या पाहिजेत. प्रेक्षक मध्येच गप्प झाला तर निर्मात्याच्या पोटात गोळा येतो. त्यात ऐतिहासिक चित्रपटाला सेट, बग्ग्या, जुने गणवेश यांचा खर्च. पण ‘२२ जून १८९७’ मोठ्या पैशावर झालेला नव्हता. दिग्दर्शक जोडपं वास्तुविशारद होतं, वाडे आणि गल्ल्या त्यांना ठाऊक होत्या, नवखी माणसं घेतली. टिळक झाले होते सदाशिव अमरापूरकर, हिंदी पडद्यावर त्यांची दहशत बसण्याच्या बरीच आधी. पैसा कमी असला की बग्ग्यांची संख्या घटते, माणसांची खोली घटायचं कारण नाही.

आता एक चित्रपट मला पाहायचाय, जसा मला हवा तसा. नाशिकचा.

ए. एम. टी. जॅक्सन, नाशिकचा कलेक्टर. संस्कृतचा अभ्यासक, लोक त्याला ‘पंडित जॅक्सन’ म्हणत. त्यानेच बाबाराव सावरकरांवरचा राजद्रोहाचा खटला पुढे पाठवला आणि बाबारावांना जन्मठेप काळ्या पाण्याची झाली, तीही कविता छापल्याबद्दल. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या. त्याची मुंबईला बदली झाली. बदली झाली म्हणून त्याच्या सन्मानार्थ विजयानंद थिएटरात ‘शारदा’चा प्रयोग ठरला, आणि बदली झाली म्हणूनच मारणाऱ्यांना घाई करावी लागली. २१ डिसेंबर १९०९. अनंत लक्ष्मण कान्हेरे औरंगाबादहून आलेला, वयाची अठराही पूर्ण नाहीत. किर्लोस्कर मंडळींचा प्रयोग, शारदेच्या भूमिकेत बालगंधर्व. साहेब आत येतो, लोक उठून उभे राहतात, पोरगा पिस्तूल काढतो.

एवढं सगळं तर कुणीही दाखवेल. मला त्याच्या आधीचं हवंय. जॅक्सनने गावोगावच्या शाळामास्तरांकडून लोकसमजुती गोळा केल्या होत्या. तुमच्या गावात कोणत्या झाडाला पुजतात, विहिरीत कोण राहतं, मुंजा कुठल्या पिंपळावर असतो, पाऊस पडेना तर काय करता. मास्तर मंडळींनी उत्तरं लिहून पाठवली. त्यातून पुढे कोकणच्या लोकसमजुतींचं इंग्रजी पुस्तक झालं. ते छापून आलं १९१५ मध्ये, म्हणजे जॅक्सन जाऊन पाच वर्षं उलटल्यावर, आणि त्यात एकेका समजुतीखाली ती कळवणाऱ्या मास्तरचं गाव दिलेलं आहे. कान्हेरे मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला, खेडजवळचा. तो ज्या गोष्टी ऐकत वाढला असेल, तशाच गोष्टी हा साहेब कागदावर उतरवून घेत होता.

तर पहिलं दृश्य असं. कोकणातली एकशिक्षकी शाळा, बाहेर पाऊस, कौलांतून गळतंय. मुलांना पाढे म्हणायला लावून मास्तर टेबलाशी बसलेत, कलेक्टरसाहेबाचे प्रश्न समोर आहेत आणि वाकून ते बोरूने सावकाश लिहिताहेत: आमच्या गावी वेताळ अमावास्येस फिरतो, त्याच्या हातात वेताची काठी असते. मागच्या रांगेतला एक मुलगा पाढे सोडून खिडकीबाहेर बघतोय. तेवढं दाखवून झालं की मग खुशाल गोळी झाडावी.